'औषध घेतलेलंच बरं' : एका ट्रेनी समुपदेशकाचा सुधारणा आराखडा

हे प्रकरण लिहायला मी बरेच दिवस घेतले. क्लायंट आणि ट्रेनी दोघांची लेखी परवानगी आहे, आणि दोघंही ओळखू येऊ नयेत म्हणून गावं, वयं, घरचे तपशील बदललेत. लिहायचं कारण म्हणजे ट्रेनीचं काही चुकलं की आमच्याकडं दोनच गोष्टी होताना बघितल्यात, एकतर "जाऊ दे, शिकेल हळूहळू" नाहीतर एकदम "हिला आता क्लायंट देऊ नका". या दोन्हीच्या मधे जे काम असतं ते कागदावर कसं उतरवायचं हे मला शिकायला वेळ लागला, आणि त्या वेळेची किंमत एका माणसाच्या जिवावर आली असती.

केंद्र लातूरचं. आमच्याकडं येणारे मुख्यतः दोन प्रकारचे, नीटच्या क्लाससाठी नांदेड, हिंगोली, बीडकडून येऊन हॉस्टेलवर राहणारी पोरं, आणि आजूबाजूच्या खेड्यांतली शेतकरी माणसं. ट्रेनी २६ वर्षांची, एमए सायकॉलॉजी झालेली, समुपदेशनाचा डिप्लोमा करत होती आणि प्रॅक्टिकमचे, म्हणजे प्रत्यक्ष क्लायंट घेऊन शिकायचे, तास आमच्याकडं भरत होती. त्याआधी दोन वर्षं औसा तालुक्यातल्या एका शाळेवर शिकवलेलं. पोरगी गुणी. माणसं तिच्याशी पहिल्या दहा मिनिटांत बोलायला लागायची, म्हाताऱ्या बाया तर बाहेर पडताना तिच्या तोंडावरून हात फिरवून जायच्या. मला ती आवडायची, आणि हे मी मुद्दाम लिहितेय कारण पुढं जे झालं त्यात या आवडण्याचाही वाटा आहे.

मी तिची सुपरव्हायझर. दर गुरुवारी एक तास सुपरव्हिजन, म्हणजे तिच्या सेशनवर आम्ही दोघी बसून बोलायचो. पहिले दोन महिने मी तिच्या तोंडी सांगण्यावर आणि नोट्सवर भागवलं. रेकॉर्डिंगची परवानगी आम्ही प्रत्येक क्लायंटकडून लिहून घेतो, सुपरव्हिजन झालं की फाइल पुसतो, म्हणजे सोय होती, पण ती इतकं नीट सांगायची की ऐकायची गरजच वाटली नाही. मध्यावधी मूल्यमापनाच्या फॉर्मवर मी सगळ्या रकान्यांत "चांगली" लिहिलं होतं.

मग एका गुरुवारी ती म्हणाली की एक शेतकरी क्लायंट आहे, पाच सेशन झालेत, आता तो औषधाला तयार झालाय. नोटमधे पण तसंच, "क्लायंट औषध घेण्यास तयार. मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवणे. धीर दिला. मूड सुधारला." तिसऱ्या सेशनला आम्हीच त्याला झोपेसाठी मनोविकारतज्ज्ञांकडं जायला सुचवलं होतं आणि तेव्हा तो नको म्हणाला होता, त्यामुळं ऐकायला सगळं सरळच होतं. तरी "मूड सुधारला" हे शब्द मला खटकले, कारण आधीच्या चार नोट्समधे तो माणूस अजिबात हललेला नव्हता. म्हटलं, लाव बरं फाइल.

माणूस ३३ वर्षांचा, साडेतीन एकर शेती, सोयाबीन आणि तूर, लग्न जमत नाही. आमच्याकडं हे गावोगाव आहे, पोरगा शेतीच करतो म्हटलं की मुलीकडचे फोन उचलत नाहीत, आणि तिशी उलटली की घरात आई रोज उठून तोच विषय काढते. तो बोलायचा कमी. रेकॉर्डिंगच्या साधारण पंचविसाव्या मिनिटाला असं आहे :

तो : "मावशीनं एक स्थळ आणलं होतं. ते पण मोडलं. आता काय राहिलंय. आता औषध घेतलेलंच बरं."

ती (लगेच, श्वास न घेता) : "हां दादा, अगदी बरोबर, मी तेच म्हणत होते! आणि स्थळाचं तुम्ही टेन्शन घेऊ नका हो, माझ्या मामाच्या गावाकडं बघते ना मी एखादं. तुमच्यासारख्या माणसाला काय कमी आहे?"

मग दोन-तीन सेकंद काहीच नाही. मग तो हसल्यासारखा आवाज करतो आणि म्हणतो, "बघा."

आमच्या भागात 'औषध घेतलं' याचा अर्थ काय होतो हे इथं राहणाऱ्या कुणाला सांगायची गरज नाही. फवारणीचं औषध पण औषधच. "अमक्याच्या पोरानं औषध घेतलं" एवढं कानावर आलं की माणसं दवाखान्याकडं पळतात. ट्रेनीला हे माहीत नव्हतं का, तर होतं. लहानपणापासून तिनं हे वाक्य ऐकलेलं. पण त्या क्षणी तिच्या डोक्यात मनोविकारतज्ज्ञाची चिठ्ठी होती, आणि माणूस रडकुंडीला आलेला तिला बघवत नव्हता. तिनं फाइल परत ऐकली आणि तिचा चेहरा पांढरा पडला. सेशन सोमवारी झालेलं, आम्ही ऐकत होतो गुरुवारी.

त्या दिवशी सुपरव्हिजन तिथंच थांबवलं. ट्रेनीचं काय करायचं हा प्रश्न नंतरचा, आधी क्लायंट. मी स्वतः फोन लावला, ट्रेनी शेजारी बसलेली. इकडचं तिकडचं न बोलता विचारलं, "तुम्ही सोमवारी औषध म्हणालात ते झोपेचं का फवारणीचं?" तो बराच वेळ गप्प होता, मागं मोटर चालू असल्याचा आवाज येत होता, मग म्हणाला, "दोन्ही आलतं मनात." फवारणीच्या औषधाचा कॅन शेतातल्या आखाड्यावर होता. त्याला विचारूनच मोठ्या भावाशी बोलले, भावानं तासाभरात कॅन उचलून दुसऱ्या गावी चुलत्याकडं नेऊन ठेवला आणि रात्री त्याच्याजवळ झोपला. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं भाऊ केंद्रावर आले, सेफ्टी प्लॅन बसून लिहिला, त्यात टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो म्हणून तो त्याच्या मोबाईलमधे सेव्ह करून दिला, आणि दुपारी मनोविकारतज्ज्ञांना दाखवलं. भावाला सांगायला तो तयार झाला हे आमचं नशीब. नसता झाला तर २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम २३ गोपनीयता सांगतं तसंच जिवाला धोका असेल तिथं गरजेपुरती माहिती द्यायची मुभाही देतं, आणि हे ट्रेनीला पहिल्या आठवड्यातच शिकवलेलं असलं पाहिजे. आमच्याकडं ते हँडआउटमधे होतं, म्हणजे फाइलीत होतं.

आता ट्रेनी.

तिच्या कॉलेजच्या कोऑर्डिनेटरला त्याच दिवशी कळवलं. दोन दिवसांत त्यांच्याकडून आराखड्याचा मसुदा आला. त्यात चार ओळी होत्या, सहानुभूती आणि व्यावसायिकता वाढवावी, जोखमीबाबत सजग राहावे, नोंदी व्यवस्थित ठेवाव्यात, दोन महिन्यांनी आढावा. मी तो परत पाठवला. सहानुभूती तर तिच्याकडं गरजेपेक्षा जास्तच होती, त्यानंच तर घात झालेला. आणि "सजग राहावे" हे तिला उद्या सकाळी दहा वाजता क्लायंटसमोर बसल्यावर काय करायला सांगतं? काहीच नाही. असल्या कागदानं ट्रेनीला फक्त एवढं कळतं की आपल्यावर लोक नाराज आहेत, आणि दोन महिन्यांनी ती पास का नापास हे सुपरव्हायझरच्या मर्जीवर राहतं.

म्हणून आधी मी तीन रेकॉर्डिंग अजून ऐकली, वेगवेगळ्या क्लायंटची. सुपरव्हिजनमधे जेनिन बर्नार्ड यांचं १९७९ चं एक मॉडेल आहे, त्यात ट्रेनीचं काम तीन बाजूंनी बघतात, हातातलं कौशल्य, क्लायंटबद्दलची समज, आणि ट्रेनी माणूस म्हणून त्या खोलीत कशी असते ती बाजू. मला ते इथं फार कामाला आलं. तिचं कौशल्य, म्हणजे प्रश्न विचारणं, समरी करणं, ठीक होतं. समज पण ठीक, केस मांडायला सांगितली की नीट मांडायची. पण चारही फाइलींमधे एकच गोष्ट होती, समोरचा माणूस दुःखाच्या तळाला पोचला की दोन सेकंदांच्या आत ती बोलायची. दर वेळी. एका आईला "मुलं सुधारतात हो", एका पोराला "नीटच सगळं नसतं", आणि इथं थेट स्थळ बघते म्हणून शब्द. शांतता तिला सहन होत नव्हती. जोखमीचा प्रश्न ती विसरली नव्हती, त्या प्रश्नाची जागा जिथं येते तिथं ती थांबतच नव्हती.

हे कळल्यावर आराखडा लिहायला सोपा गेला. कालावधी आठ आठवडे. तिचे सहा क्लायंट कमी करून दोन केले, दोन्ही कमी जोखमीचे, आणि त्या शेतकरी क्लायंटला मी घेतलं. तीन गोष्टी लिहिल्या, तीनच, कारण चूक दिसली की सगळ्या जुन्या तक्रारी त्यात कोंबायचा मोह होतो.

पहिली अशी लिहिली : "क्लायंटच्या बोलण्यात मरण, संपणं, कंटाळा, औषध, विहीर, कुणालाच फरक न पडणं असा कुठलाही उल्लेख आला तर त्याच सेशनमधे सरळ शब्दांत आत्महत्येबद्दल विचारणे, उत्तर हो किंवा अर्धवट असल्यास खोलीतून बाहेर पडण्याआधी सुपरव्हायझरला बोलावणे. पुरावा : सहा रेकॉर्डिंग, त्यातले दोन रोल प्ले." दुसरी, क्लायंट रडला किंवा गप्प झाला तर सल्ला, दिलासा किंवा आश्वासन देण्याआधी थांबणे आणि त्याच्याच शब्दांत परत म्हणणे, आणि सेशनबाहेरची कुठलीही मदत (स्थळ, नोकरी, ओळख, पैसे) कबूल न करणे. तिसरी, नोट त्याच दिवशी, आणि "मूड सुधारला" असा निष्कर्ष लिहायच्या आधी क्लायंटचं एक तरी वाक्य जसंच्या तसं अवतरणात.

माझ्या नावापुढं पण कामं लिहिली. आठवड्याला एकऐवजी दोन तास सुपरव्हिजन, प्रत्येक फाइल पूर्ण ऐकणं, अठ्ठेचाळीस तासांत लेखी अभिप्राय, चौथ्या आठवड्याला मध्य आढावा. आणि स्वच्छ लिहिलं की आठव्या आठवड्याला काय काय होऊ शकतं : पूर्ण झालं, मुदत वाढवली, किंवा प्रॅक्टिकम थांबवलं, आणि शेवटचं झालं तर तिला कॉलेजच्या समितीकडं दाद मागता येईल, त्या समितीत मी नसेन. हे ती घाबरेल म्हणून काही जण लिहीत नाहीत. मला उलट वाटतं, न लिहिल्यानंच माणूस जास्त घाबरतो. अमेरिकन समुपदेशक संघटनेची २०१४ ची आचारसंहितासुद्धा सुपरव्हायझरकडून हेच मागते, उणीव दिसली की मदत मिळवून द्या, निर्णय लिहून ठेवा, आणि ट्रेनीला तिचे मार्ग माहीत असू द्या. आपल्याकडं क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणी लागते. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या कायद्यात समुपदेशनासारखी कामंही आलीत, तरी गावात पाटी लावून बसलेल्या माणसाला आज कोण तपासतं? प्रॅक्टिकमवर सही करणाराच शेवटची चाळणी असतो.

सही करायच्या मीटिंगला मी आधी माझा मध्यावधी फॉर्म टेबलावर ठेवला आणि म्हटलं की हा मी ऐकल्याशिवाय भरलाय, त्यामुळं तुला आज हे अचानक वाटत असेल तर ते बरोबर आहे. कोऑर्डिनेटरला हे आवडलं नाही, पण ते बोलणं गरजेचं होतं. तिनं दोन शब्द बदलून मागितले, बदलले, सही झाली.

पहिल्या आठवड्यातला रोल प्ले मला अजून आठवतो. मी शेतकरी झाले, तेच वाक्य म्हटलं. ती थांबली, छान थांबली, आणि मग म्हणाली, "दादा, तुमच्या मनात तसलं काही येत नाही ना?"

मी तिथंच थांबवलं. म्हटलं, 'नाही ना' म्हटल्यावर माणूस काय उत्तर देईल? 'नाही'च देईल, तुझ्यासाठी देईल. आणि 'तसलं' म्हणजे काय? ती म्हणाली, मॅडम, तोंडातून शब्दच निघत नाही, घरी आम्हाला लहानपणापासून सांगितलंय की अभद्र बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते. हे ऐकून मला फार बरं वाटलं, कारण पुस्तकात न सापडणारी अडचण ती स्वतः बोलली. विचारल्यानं विचार रुजत नाही हे संशोधनातून पुन्हा पुन्हा दिसलंय, ते तिनं परीक्षेत लिहिलंही असेल, पण जिभेवर घरची शिकवण बसलेली. मग आम्ही वाक्यंच घासली. "मरून जावं असं मनात येतं का?" "जीव द्यायचा विचार येतो का?" "औषध म्हणालात, कुठलं औषध?" तिनं ती वाक्यं माझ्यासमोर म्हटली, भिंतीकडं बघून म्हटली, मग डोळ्यात बघून म्हटली. पंधरा-वीस वेळा तरी. शेवटच्या वेळी आवाज कापत नव्हता.

त्याच तासात ती रडली आणि घरचं काहीतरी सांगायला लागली. मी दोन मिनिटं ऐकलं आणि मग थांबवलं, प्रेमानंच, पण थांबवलं. तिची समुपदेशक व्हायला मला मन खूप ओढत होतं. पण जिनं आठ आठवड्यांनी तिच्या कामावर निर्णय द्यायचा तिच्यासमोर कुणी मन मोकळं करू नये, आणि करायला लावू पण नये. दोन बाहेरच्या समुपदेशकांची नावं दिली, एक संभाजीनगरची ऑनलाइन, आणि आराखड्यात फक्त "वैयक्तिक समुपदेशनाचा पर्याय सुचवला" एवढंच लिहिलं. ती गेली का नाही हे मी विचारलेलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात शेतकरी क्लायंटच्या सेशनला, त्याच्या परवानगीनं, ती माझ्याबरोबर बसली. स्थळाचा शब्द तिनं दिलेला, तो तिनंच परत घ्यायचा होता. तिनं आधी कागदावर लिहून आणलं होतं पण कागद बघितला नाही. म्हणाली, "दादा, त्या दिवशी मी स्थळ बघते म्हणाले, ते माझं चुकलं. ते माझं काम नाही आणि मी ते करणार नाही. तुम्ही औषध म्हणालात तेव्हा मी विचारायला पाहिजे होतं, मी विचारलं नाही."

तो खाली बघत होता, चपलेच्या अंगठ्यानं फरशी उकरल्यासारखं करत. मग म्हणाला, "स्थळाचं मी काही धरून बसलो नव्हतो ताई. पर तुम्ही विषय बदलला तवा वाटलं, ह्यांना पण ऐकायचं नाही."

मी काहीच बोलले नाही. ती पण बोलली नाही. मी घड्याळाकडं बघितलं नाही पण ते दहा-बारा सेकंद तरी असतील, आणि मग ती म्हणाली, "ऐकायचं नाही असं वाटलं." एवढंच. त्याच्याच शब्दांत. आणि तो बोलायला लागला.

इथून पुढं सगळं सुरळीत झालं असं नाही. चौथ्या आठवड्याच्या फाइलमधे हॉस्टेलवरची एक मुलगी, मेसच्या जेवणाबद्दल आणि रूममेटबद्दल सांगतेय, म्हणते "कंटाळा आलाय", आणि आमच्या ट्रेनीनं तिसऱ्याच मिनिटाला विचारलं, "जीव द्यायचा विचार येतो का?" मुलगी दचकली, आवाजातच कळतं. नियम पाळला होता, 'कंटाळा' शब्द मीच यादीत घातलेला. म्हणजे चूक माझ्या कलमातली होती. मध्य आढाव्यात ते कलम बदललं, उल्लेख आला की आधी "म्हणजे कसं?" विचारून अर्थ उघडायचा, आणि अर्थ तिकडं जात असेल तर मग सरळ प्रश्न, पण सेशन संपायच्या आत शंका शिल्लक ठेवायची नाही. आराखडा एकदा सही झाला की दगडावरची रेघ, असं धरून बसलं असतं तर आम्ही एक घाबरलेली, यादी वाचणारी समुपदेशक तयार केली असती.

आठव्या आठवड्याला पहिल्या दोन गोष्टी पूर्ण होत्या, सहाच्या सहा फाइलींमधे. कॉलेजमधल्या दुसऱ्या एका सुपरव्हायझरला त्यातल्या दोन ऐकवल्या, तिला आधीचं काही न सांगता, कारण माझ्या आवडीचा मला आता भरवसा नव्हता. तिनंही तेच लिहिलं. नोट्स मात्र जमल्या नव्हत्या, अजूनही दोन-दोन दिवस उशीर आणि अवतरणाऐवजी निष्कर्ष. तेवढ्यासाठी चार आठवडे मुदत वाढवली. ती नाराज झाली, बोलून दाखवलं, मी ऐकून घेतलं आणि मुदत तशीच ठेवली.

केंद्रात आता तिसऱ्या आठवड्यापासूनच प्रत्येक ट्रेनीची एक फाइल पूर्ण ऐकतो, मध्यावधी फॉर्मवर ऐकलेल्या फाइलची तारीख लिहिल्याशिवाय सही होत नाही. तो शेतकरी महिन्यातून एकदा येतो, गोळ्या चालू आहेत, झोप लागते. लग्न जमलेलं नाही. फवारणीला भाऊच जातो.

वाढीव मुदतीच्या शेवटच्या आठवड्यातली तिची एक नोट माझ्या फाइलीत आहे. क्लायंट साठीचे एक गृहस्थ, बायको वारल्यानंतर आलेले. नोट त्याच दिवशीची, संध्याकाळी पावणेसहाची : "क्लायंट म्हणाले, 'आता औषध सुरूच करावं म्हणतो.' कुठलं औषध ते विचारलं. बीपीचं. जीव द्यायचा विचार येतो का ते वेगळं विचारलं. 'नाही, पण ती गेल्यावर घरात बोलायला कुणी नाही,' म्हणाले. त्यानंतर मी गप्प बसले."

खाली मी सही केली.